डोहाळजेवणाचा कोरम

गोरक्षनाथ पांढऱ्याला सगळं बिरूपिंपळगाव सरपंच म्हणायचं. फक्त खरी सरपंच तेवढी म्हणत नव्हती. ती त्याची बायको होती, सत्यशीला. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा गोरक्षनाथनं तिला उभी केली, घरोघरी फिरून निवडून आणली, आणि दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या खुर्चीत स्वतः जाऊन बसला. खुर्ची फिरती होती. पहिले आठ दिवस त्यानं कारभार म्हणून फक्त तेवढंच केलं.

आज त्याच्या डोक्यात कमान होती. वडीगोद्रीकडून येणाऱ्या रस्त्याला, गावाच्या फाट्यावर, आजोबाच्या नावाची कमान, आणि कमानीच्या दोन्ही खांबांवर एकेक फायबरचा मेंढा. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर होती, आणि ज्याच्या घराण्याची कमान हायवेवरून दिसते त्याला तिकीट मिळतं असं त्याचं अभ्यासपूर्ण मत होतं. ठराव अजून व्हायचा होता. मेंढे मात्र येऊन पडले होते. घाई कशाची, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "मूर्तिकार जालन्याचा हाय, त्याला सीझन असतो."

ठरावात एक अडचण होती. ग्रामसभेला माणूस येत नाही ही गावाची जुनी खोड. मागची सभा कोरमअभावी उठली तेव्हा वरून तंबी आली की, पुढच्या वेळी गर्दीचा फोटो पाहिजे, हात वर केलेल्या माणसांसकट. तेव्हापासून गोरक्षनाथला झोप नव्हती. आणि एक दिवस जेवताना त्याचं लक्ष धाकट्या भावजयीकडं गेलं. रूपालीला आठवा लागला होता.

"हिचं डोहाळजेवण करू," तो घास हातात धरून म्हणाला. "मोठ्ठं. सगळं गाव बोलावू."

घरातले सगळे गहिवरले. फक्त त्याची माय, आसराबाई, म्हणाली, "पहिल्या टायमाला साधी करंजी न्हाई केली कुणी. दुसरेपणाला येवढं प्रेम कुठून उतू चाललंय?"

प्रेम उपकेंद्राच्या आवारात उतू चाललं होतं. गावात तेवढीच मोठी मोकळी जागा. मंडपाचा धंदा गोरक्षनाथचाच, त्यामुळं झालरीला कमी नव्हती. मागं आरोग्य उपकेंद्राची गुलाबी इमारत. तिचं उद्घाटन दोनदा झालं होतं, दोन वेगवेगळ्या पक्षांकडून. उघडली मात्र एकदाही नव्हती. नर्सबाई मंगळवारी यायच्या, व्हरांड्यात बसून लसी टोचायच्या आणि शेवटच्या गाडीनं परत जायच्या. आतल्या बाळंतपणाच्या खोलीला गोरक्षनाथचं कुलूप होतं, कारण खोलीत गोरक्षनाथच्या खुर्च्या होत्या. आणि आता मेंढे.

"भाऊसाहेब, ध्यानात आलं का बराबर?" त्यानं ग्रामसेवक अप्पारावला मंडपाच्या मागं घेतलं.

"आलं," अप्पाराव म्हणाला. ह्या माणसाला जगात दोनच भीत्या होत्या, ऑडिट आणि गोरक्षनाथ. "पण साहेब, डोहाळजेवणात अक्षता कशा काय?"

"आशीर्वादाच्या."

"अक्षता लग्नात टाकतात ना?"

"तुमच्यात टाकत असतील. हे बघा, अक्षता टाकायला माणसाचा हात वर जातो का न्हाई?"

"जातो."

"बास. ओटी भरून झाली का म्या माईकवर म्हणणार, टाका अक्षता. त्याच टायमाला तुम्ही बारक्या आवाजात म्हणायचं, विषय मांडला आहे, मंजूर असेल त्यांनी हात वर करा. फोटोवाला तन्वीर फोटो मारणार. हात वरच हायत. कमान मंजूर."

"आणि बायांना कळलं तर?"

"बाया जेवायला आल्यात, भाऊसाहेब. त्यांना काय कळून राह्यलंय?"

अप्पारावनं सभेची वही काखेत घट्ट धरली.

तेवढ्यात सत्यशीला आली. हातात ओटीचं ताट, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर काहीच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ह्या काहीच नसलेल्या चेहऱ्याचा अर्थ गोरक्षनाथला लागला नव्हता, आणि लागत नाही म्हणजे काही नसणारच, असं तो धरून चालला होता.

"आवं, माझा विषय कितवा घेतलाय?"

"घेतलाय ना. शेवटचा. वेळ मिळाल्यास."

तिचा विषय हे उपकेंद्र होतं. कमानीला जो निधी लागणार होता, तोच तिला इथं पाहिजे होता. खोली उघडावी, पाणी-लाईट यावी, नर्सबाईंना राहायला जागा करावी, अडल्या बाईसाठी रात्रंदिवस एक गाडी दारात उभी असावी. आणि तेवढ्यावर भागत नव्हतं म्हणून, तालुक्यातल्या प्रत्येक उपकेंद्राला हाच नियम लावा, असा ठराव करून जिल्हा परिषदेत धडकायचं होतं.

"वेळ मिळाल्यास," ती हळूच म्हणाली. "रूपालीला मिळाला व्हता का वेळ?"

गोरक्षनाथनं वर झालरीकडं पाहिलं. गेल्या साली रूपालीला सातव्यातच कळा सुटल्या होत्या. हिथं कुलूप. गावातल्या नजीरचा मेंढरं वाहायचा टेम्पो तेवढा मिळाला. पोर टेम्पोतच झालं, हायवेला लागायच्या आत, आणि अंबड यायच्या आत गेलंही.

"तू भावनेत नको जाऊ," तो म्हणाला. "हे धोरणाचं काम असतं. धोरण वरून येतं."

"वरून म्हंजे?"

"जालन्याहून. मुंबईहून."

"आन् आबांचा फिरता दवाखाना? तो बी आपूआप आल्ता का?"

गोरक्षनाथच्या बापानं, मल्हारीनं, मेंढरांच्या दवाखान्यासाठी अख्खा कळप तालुक्याच्या कचेरीत घुसवला होता. मेंढरांनी आवक-जावक विभागाचा बराच भाग खाऊन टाकला. महिन्याच्या आत नियम झाला. आता फोन केला की पांढरी गाडी येते, डॉक्टर उतरतो, गाभण मेंढीला हात लावून बघतो, कोकराला टोचतो आणि जाताना मल्हारीला रामराम घालतो.

"आबांनी मागितलं, म्हणून आलं," सत्यशीला म्हणाली. "मागणाराच लागतो."

"तू फक्त सही कर. बाकीचं मी बघतो."

"बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'लाही चेहरा नव्हता.

*

दुपारी बारापर्यंत मंडप भरला, आणि गोरक्षनाथचा ऊर त्याहून जास्त. बायाच बाया. वस्तीवरच्या, तांड्यावरच्या, कुणी कडेवर लेकरू घेऊन, कुणी पोटात. त्यानं आठ दिवस गावातून रिक्षा फिरवली होती: जेवण, हळदीकुंकू आणि वाणाला स्टीलचा डबा. ग्रामसभेची दवंडीही दिली होती, कायद्यानं द्यावी लागते म्हणून, पण ती डब्याच्या नंतर आणि जरा घाईत.

थर्माकोलच्या चंद्रकोरीत रूपाली बसली होती. हिरवं लुगडं, फुलांचे दागिने, हातात थर्माकोलचा धनुष्यबाण. बाणाचं टोक पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर रोखलेलं, आणि सोफ्यावर तिचा सासरा मल्हारी. पांढरा पटका, पिवळाधमक भंडारा कपाळभर, हातात काठी. शेजारी खाली सतरंजीवर आसराबाई. सोफ्यावर जागा होती, पण तिला कुणी बस म्हणालं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

माईक धाकट्या भावाकडं, रूपालीच्या नवऱ्याकडं, कल्याणकडं. त्याचं वडीगोद्रीला जळालेल्या मोटारींची वायर भरायचं दुकान. कमान झाली की तिच्यावरच्या लाईटीचं काम त्याला द्यायचं कबूल झालं होतं. त्यामुळं गेले पंधरा दिवस तो थोरल्या भावाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता आणि घरी बायकोच्या प्रत्येक वाक्यालाही. दोन्हीकडं डोलवून त्याची मान दुखून आली होती.

"दादा," त्यानं हळूच विचारलं, "त्या खोलीची किल्ली… नुसती बघायला. रूपाली लई दिस झालं म्हणून राह्यली, एकदा आतून बघायचीय."

"आत काय बघायचंय? खुर्च्या?"

"न्हाई, म्हंजे हां."

"माईक नीट धर."

ओटी भरली. गाणी झाली. हसीना, नजीरची बायको आणि वॉर्डातून निवडून आलेली मेंबर, पुढं बसून टाळ्यांचा ठेका धरत होती. गोरक्षनाथनं घड्याळ बघितलं. अक्षतांची ताटं फिरली होती. पण त्याच्यातल्या वक्त्याला एवढी गर्दी बघून राहवलं नाही. आधी बापाचा मान झाला पाहिजे, मग कमान, म्हणजे कमान कशी गळी उतरते!

"आता," तो माईकवर गरजला, "घराण्याचे मूळपुरुष, आमचे आबा, आपल्या सुनेला डोहाळे विचारतील! आणि पांढऱ्याच्या घरात डोहाळा अपुरा राहत न्हाई!"

टाळ्या पडल्या. मल्हारी उठला. मोठ्या गर्दीपुढं बोलायची हौस हा त्या घराण्यातला जुना आजार होता, आणि तो बापाकडूनच आलेला. कमरेची पिशवी सोडून त्यानं मूठभर भंडारा हातात घेतला.

"पोरी, माग," तो म्हणाला. "काय खावं वाटतंय, काय ल्यावं वाटतंय. बिरोबाचा भंडारा उचलून सांगतो, तुझा डोहाळा म्या पुरा करीन. न्हाई केला तर पांढऱ्याची अवलाद न्हाई."

भंडारा उचलला म्हणजे संपलं. भंडाऱ्यावर बोललेला शब्द मागं घेतला तर घरातलं मेंढरू उद्या उभं राहत नाही, ही मल्हारीचीच शिकवण. गोरक्षनाथनं समाधानानं मिशीवरून हात फिरवला. चिंच म्हणेल, नाही तर जिलेबी. दोन्हीची सोय केलेली होती.

कल्याणनं माईक रूपालीपुढं धरला. तिनं धनुष्य मांडीवर ठेवलं. एकदा सत्यशीलाकडं पाहिलं. सत्यशीला ओटीतले तांदूळ सारखे करत होती.

"मामा," रूपाली म्हणाली. आवाज एवढासा. "मला ती खोली पाहिजे."

"कंची?"

"मागची. बाळंतपणाची. कुलूप काढलेली. आत पाणी, लाईट, नर्सबाई. आन् दारात एक गाडी, माणसांची."

मंडपात भांडं पडलं तरी ऐकू आलं असतं. एक पडलंही.

गोरक्षनाथनं कल्याणला हातानं खूण केली. बंद कर. कल्याणनं खूण बघितली. बायकोकडं बघितलं. बटनावर बोट ठेवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मान न डोलावता आवाज वाढवला. भोंगा एकदा कुईं करून ओरडला आणि रूपालीचा श्वास सगळ्या शिवारात ऐकू जाऊ लागला.

"गेल्या साली माझं लेकरू टेम्पोत गेलं," भोंगा म्हणाला. "टेम्पोत मेंढराच्या लेंड्या व्हत्या, मामा. म्या त्या लेंड्यांवर पडलेले. मला यंदा जिलेबी नको."

"आता ह्ये डोहाळे न्हाईत!" गोरक्षनाथनं माईक हिसकावला. "डोहाळे म्हंजे खायचं असतं! आंबट, गोड, फार तर मातीचं ढेकूळ! इमारत कुठं डोहाळ्यात बसती? भाऊसाहेब, सांगा कायदा!"

अप्पारावनं वहीत तोंड घातलं. "डोहाळ्यांबाबत शासन निर्णय नाही," तो म्हणाला. "म्हणजे बसतही नाही, आणि बसत नाही असंही म्हणता येत नाही."

"क्या गोरक्षभाऊ," हसीना जागेवरून ओरडली, "आबा बोलले, काय बी माग. आता तुम्ही मेनू कार्ड काढून राह्यले क्या?"

बाया फिस्सकन हसल्या. गोरक्षनाथ हसणाऱ्या गर्दीला फार घाबरायचा, कारण तिला टाळ्यांत वळवता येत नाही. त्यानं ठेवणीतलं भाषण काढलं. ते वडीगोद्रीच्या मेळाव्यात लई चाललं होतं.

"मायबहिणींनो! मी कोण हाय? मी मेंढरांमागं जन्मलेला माणूस हाय! माझी माय कळपाच्या मागं चालता चालता बाळंत झाली. शेताच्या बांधावर! विळ्यानं नाळ कापली, मला टोपल्यात घातलं, आणि सांच्याला मुक्कामावर पोचून भाकरी थापल्या! ही आमची माय! तिला कुठं लागली खोली? कुठं लागली गाडी? अशा वाघिणींच्या पोटी—"

"थापल्या ना भाकरी," आसराबाई म्हणाली.

ती उभी राहिली नव्हती. बसूनच बोलली. पण भोंग्याचं मशीन अजून कल्याणच्या हुकमतीत होतं, आणि कल्याणनं दुसऱ्या माईकची दोरी हळूच आईपाशी सरकवली होती.

"कामून थापल्या, तेवढं तुझ्या बापाला इचार की."

"माय, आता नको—"

"आता न्हाई तर कव्हा? येवढी माणसं मला पुन्हा कुठं गावायची?" तिनं पदर डोक्यावर सारखा केला. "आष्टीच्या अलीकडं व्हतो आमी. मला सकाळधरनं कळा. म्या म्हनलं, जरा थांबा. हे म्हनले, आसरे, कळप थांबत न्हाई. मंग झालास तू बांधावर. म्या एकली. विळा काळ्या मातीत घासून पुसला. रगात थांबंना, पर चालले. कळप म्होरं गेल्ता ना."

मल्हारीनं काठी जमिनीवर घट्ट रोवली.

"आन् दुसऱ्या दिशी काय झालं, सांगा की तुमी. तुमाला याद हाय. एक मेंढी व्याली. मंग थांबला कळप! दोन दिस थांबला. मेंढी दमलीय म्हनले, तिला चालवू नका. तिला गूळ चारला. म्या भाकरी थापीत व्हते आन् बघीत व्हते."

"मेंढी लोकाची व्हती," मल्हारी पुटपुटला. तो माईकपासून लांब होता, पण मंडप इतका चूप होता की ऐकू आलं. "वळायला घेतल्याली. मेली असती तर मालकाला काय सांगितलं असतं?"

"आन् म्या कुणाची व्हते?"

मल्हारी सोफ्यावर खाली बसला.

"गोरक्षच्या आधी एक झाला व्हता," ती म्हणाली. "त्याचं तर नाव बी ठिवलं न्हाई. कळप म्होरं गेल्ता."

गोरक्षनाथ माईक धरून उभा होता. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हे भाषण तो तीन वर्षं करत होता, आणि प्रत्येक वेळी माय पहिल्या रांगेत खाली बसलेली असायची आणि लोक तिच्याकडं बघून टाळ्या वाजवायचे. ती टाळ्या कधी वाजवायची नाही. त्याला वाटायचं, तिचे हात दुखतात.

"लिवा भाऊसायेब," आसराबाई म्हणाली. "मला बी डोहाळे व्हते. कुणी इचारले न्हाईत, म्हनून बाकी राह्यलेत. माझा बी डोहाळा तीच खोली. मला आता काय करायची, पर लिवा."

आणि मग धरण फुटलं. मागून एक म्हातारी उठली, "माझे बी बाकी हायत!" दुसरी म्हणाली, तिचे चार बाळंतपणांचे बाकी. एकीला पहिल्या खेपेला हिरवी चिंच पाहिजे होती आणि सासूनं झाड विकलं होतं. तीही चिंच लिहून घ्या, असा तिचा आग्रह. हसीना उठून म्हणाली, "और वो उसतोडीवाल्या बाया? नववा महिना लागला तरी कोयता लेके ट्रकमें बैठते. उनके वास्ते भी लिखो. जिधर फड, उधर नर्स. कार्डपे दुसरे गाव का नाम लिखा, तो आमच्या इकडं नै, ये बोलनेका नै किसीकू." अप्पाराव लिहीत होता. माईकवर जे येतं ते लिहायचं, एवढाच नियम त्याला पाठ होता, आणि घाबरला की तो फक्त नियम पाळायचा. ठरावात नर्स आली, गाडी आली, ऊसतोड आली, चिंच आली.

"मामा," सत्यशीला आता पहिल्यांदा बोलली. तिनं माईक घेतला नाही. "भंडारा अजून मुठीत हाय."

मल्हारीनं मुठीकडं पाहिलं. बोटांच्या फटीतून पिवळी भुकटी धोतरावर सांडत होती. त्यानं थोरल्या लेकाकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि त्याला कळून चुकलं की घरात दोन पार्ट्या झाल्यात आणि आपण एकट्याच्या पार्टीत आहोत.

"गोरक्ष," तो म्हणाला, "किल्ली दे."

"आबा, कमान! तुमच्या बापाच्या नावाची—"

"माझ्या बापाला कमान कशी असती ते ठावं बी नव्हतं. किल्ली दे."

*

दार उघडलं तेव्हा सगळा मंडप दारात होता. गोरक्षनाथ "हळू, हळू, आत माल हाय," म्हणत पुढं पळाला आणि स्वतःच्याच खुर्च्यांच्या चळतीला अडखळला.

बाळंतपणाच्या टेबलावर दोन मेंढे होते. फायबरचे, पांढरेशुभ्र, शिंगं सोनेरी. ओरखडे पडू नयेत म्हणून एकाला गादीवर उताणं निजवलं होतं. चारी पाय वर. अंगावर सरकारी हिरवी चादर. दुसरा शेजारी उभा, त्याच्याकडं काळजीनं बघत.

हसीना पुढं झाली, चादर जरा बाजूला सारून तिनं आत बघितलं, आणि गंभीर तोंडानं विचारलं, "गोरक्षभाऊ, इनकी डिलिव्हरी कब है?"

त्या हसण्यानं पत्रे वाजले. आसराबाई हसता हसता खाली बसली. रूपाली पोट धरून हसत होती. कल्याण तिला "हळू, अगं हळू," म्हणत होता आणि स्वतःच भिंतीला टेकून रडेपर्यंत हसत होता. तन्वीरनं फोटो मारला. मल्हारी तेवढा हसला नाही. तो मेंढ्याजवळ गेला, सवयीनं त्याच्या पोटावर हात ठेवला, आणि काढून घेतला.

"नर हाय ह्यो," तो म्हणाला. "नराला निजवलंय हिथं. बाई टेम्पोत."

गोरक्षनाथचं डोकं मात्र अजून चालत होतं. तो राजकारणी होता. सभा हातची गेली तरी गर्दी अजून होती आणि मुठीमुठीत अक्षता होत्या. बाया हसून सैल झाल्या होत्या. हीच वेळ. तो मंडपात परत पळाला आणि माईकवर तोंड लावलं.

"चला चला, जागेवर! मुहूर्त टळून राह्यलाय! रूपालीला आशीर्वाद द्यायचेत! भाऊसाहेब, तयार? तन्वीर? हां! टाका अक्षता!"

सगळ्यांचे हात वर गेले. अप्पाराव बारक्या आवाजात म्हणाला, ठरल्याप्रमाणं, "विषय मांडला आहे. मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत."

आणि तिथं गोरक्षनाथच्या लक्षात आलं. मांडलेला विषय म्हणजे वहीत शेवटी लिहिलेला विषय. कमान त्यानं मांडायची ठेवली होती अक्षतांच्या आधी, आणि मध्येच आबांचा मान करायला गेला होता. वहीत शेवटी खोली होती.

"थांबा!" तो ओरडला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरानं हलवत ओरडला. "थांबा! ओ भाऊसाहेब, थांबा!"

तन्वीरनं फोटो मारला.

फोटो झकास आला. पुढं तो महिनाभर गावातल्या प्रत्येक फोनवर फिरत होता. तांदळाचा पाऊस, मागं हातांचं रान, आणि सगळ्यात पुढं, सगळ्यात उंच, सरपंचपतीचे दोन्ही हात.

"एकमतानं मंजूर," अप्पाराव म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच बरं वाटलं. "सरपंचसाहेबांचे दोन धरले नाहीत. एकच धरला."

"सरपंच म्या हाय," सत्यशीला म्हणाली. तिनं वही ओढून घेतली, वाचली, चिंच तेवढी खोडली. मग जरा विचार करून ती परत लिहिली आणि सही केली. "सोमवारी हे घेऊन जालन्याला जायचं. जिल्हा परिषदेत. आत घेतलं न्हाई तर दारात बसायचं. आत्याबाई, येता का?"

"मेंढरं आणू?" मल्हारीनं एकदम उत्साहानं विचारलं. "मला रस्ता ठावा हाय. फायलीचा कमरा खालीच असतो."

"तुमी भाकरी थापा त्या दिशी," आसराबाई म्हणाली. ती उठली आणि सोफ्यावर जाऊन बसली.

*

जेवणं झाली. डबे वाटून झाले. ऊन कलायच्या आधी खोली रिकामी झाली पाहिजे, असं सत्यशीलानं सांगितलं होतं, आणि कुणी सांगितलं ते गोरक्षनाथला पहिल्यांदा नीट ऐकू आलं होतं. खुर्च्या नजीरच्या टेम्पोत गेल्या. मेंढे गेले. फरशीवर फिनेल पडलं. कल्याणनं वायर ओढून एक दिवा लावला, आणि उजेडात खोली जरा मोठी दिसायला लागली.

गोरक्षनाथ व्हरांड्यात पायरीवर बसला होता. पांढऱ्या कपड्यांवर फायबरची कुसळं, केसात तांदूळ. त्याला राग यायला पाहिजे होता. पण तो पुन्हा पुन्हा त्या आधीच्या पोराचा विचार करत होता, नाव न ठेवलेल्या. ते जगलं असतं तर थोरला तो असता. मग हे माईक, खुर्ची, तिकीट, हे सगळं त्याचं असतं. आणि आपण कल्याणसारखी मान डोलवत फिरलो असतो. विचार करूनही त्याला हे ठरवता आलं नाही की ह्यात आपलं नुकसान झालंय का फायदा.

सत्यशीला आतून बाहेर आली आणि त्याच्याशेजारी बसली. पायरी अरुंद होती.

"तुला सगळं ठावं व्हतं?" त्यानं विचारलं. "मायचं?"

"भाकरी थापताना सांगायच्या त्या. तुमी जेवून हात धुवायला जायचा, तव्हा."

त्यानं केसातले तांदूळ झटकले.

आत रूपाली एकटीच उभी होती. भिंतीला हात लावत, खिडकी उघडून बघत. टेबलाच्या कडेवर ती जरा टेकली, बसवतंय का ते बघितलं. मग मोरीकडं गेल्याचा आवाज आला. नळाची चकती फिरल्याचा आवाज आला. नळानं लांब, कोरडा उसासा टाकला आणि गप झाला.

"भाऊजी," आतून रूपालीचा आवाज आला. मघाचा एवढासा नव्हता तो. "पाणी न्हाई ह्याला."

गोरक्षनाथनं बायकोकडं बघितलं. सत्यशीला अप्पारावकडं बघत होती. तो वही बांधून, पिशवी खांद्याला लावून, शेवटची गाडी धरायला निघाला होता.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "बसा. लिहा."